क्रेमा दे एलोते : मक्याचं दाट मेक्सिकन सूप, रोजच्या रात्रीसाठी

कोवळ्या मक्याचे दाणे, पांढरा कांदा, लोणी, दूध आणि वर भाजलेल्या पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या : मेक्सिकोत घरोघरी होणारं हे सूप. तिकडे ते दुपारच्या मोठ्या जेवणात सुरुवातीला वाढतात. आपल्याला त्यावरच रात्रीचं जेवण भागवायचं असेल तर थोडी भर घालावी लागते, ते पुढे सांगतेच. आधी एक गोष्ट मनात पक्की धरा. या सूपाचा दाटपणा मक्याच्या दाण्यातून येतो. क्रीम लागतं जेमतेम 80 मिली, तेही अगदी शेवटी, चव मऊ व्हावी म्हणून. पातळ वाटलं म्हणून क्रीम ओतत गेलात तर सूप जड होतं, दाट मात्र होत नाही, आणि मका मागे पडतो.

चार जणांसाठी मक्याचे दाणे 500 ग्रॅम (मध्यम आकाराची चार-पाच कणसं), पोब्लानो मिरच्या 3, पांढरा कांदा 1 मध्यम, लसूण 3 पाकळ्या, लोणी 25 ग्रॅम, तेल 1 चमचा, म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध 250 मिली, क्रीम 80 मिली, मीठ, मूठभर कोथिंबीर आणि एक लिंबू. वरून घालायला 100 ग्रॅम पनीर. पहिल्यांदा करताना दीड तास धरा. हात बसला की सव्वा तासात होतं.

मक्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण निम्मं सूप बाजारातच ठरतं. मेक्सिकोत जे कणीस ताजं खातात ते बहुधा पांढरं, कमी गोड आणि पिठूळ असतं. आपल्याकडे पावसाळ्यात गाडीवर भाजून मिळणारं देशी कणीस त्याच्या बरंच जवळ जातं. स्वीट कॉर्नचं तसं नाही. त्याच्या दाण्यात साखरेचा स्टार्च होण्याची क्रिया मंद असते, म्हणून ते गोड लागतं आणि म्हणूनच नुसत्या स्वीट कॉर्नचं सूप गोडसर आणि पातळ होतं. उत्तम मेळ म्हणजे 350 ग्रॅम स्वीट कॉर्न आणि 150 ग्रॅम देशी. देशी कणीस घेताना साल थोडी सोलून दाण्याला नख लावा. दुधासारखा पांढरा रस उडाला तर घ्या. नख रुतलं पण आत घट्ट पीठ लागलं तर ते जून झालंय. ते भाजून खायला ठीक, सूपात कितीही वाटलं तरी रवाळ राहतं. देशी मक्याचा हंगाम नसेल, किंवा घरात फ्रोजन दाणेच असतील, तर 100 ग्रॅमचा एक बटाटा बारीक चिरून त्याबरोबर शिजवा. स्टार्चची उणीव भरून निघते आणि गोडीही उतरते.

दाणे सुरीने काढले की काम संपत नाही. कणीस उभं धरून सुरीच्या बोथट बाजूने वरून खाली दाबत खरवडा. दाण्यांच्या मुळाशी राहिलेला घट्ट दुधाळ रस ताटलीत जमतो. दाटपणाचा मोठा वाटा त्या रसात आहे, त्यामुळे ही दोन मिनिटं वाचवू नका. खरवडलेली कणसं मोडून एक लिटर पाण्यात पंधरा मिनिटं उकळा. पाण्याला मंद गोड वास येतो आणि रंग फिकट पिवळसर होतो. हाच आपला स्टॉक. फ्रोजन दाणे असतील तर साधं पाणी घ्या. स्टॉकचे तयार क्यूब या सूपात नकोत. त्यातलं मीठ आणि मसाला मक्याला गप्प करतात.

एकीकडे हे उकळत असताना मिरच्या भाजायच्या. पोब्लानो म्हणजे पुएब्ला प्रांताचं नाव लावणारी गडद हिरवी, रुंद खांद्यांची मिरची. हीच पिकून लाल झाली आणि वाळवली की बाजारात आंचो म्हणून मिळते. तिखटपणा बेताचा, एखादी मध्येच झणझणीत निघते. अमेरिकेत राहणाऱ्यांना ती साध्या सुपरमार्केटातही मिळेल. कॅलिफोर्नियातल्या काही दुकानांत ताज्या पोब्लानोवर पासिया असं लेबल असतं, तिथे नावापेक्षा आकार आणि रंग बघा. भारतात बहुतेक ठिकाणी ती नाही. मग एक मोठी गडद हिरवी ढोबळी मिरची, दोन भावनगरी मिरच्या आणि एक नेहमीची हिरवी मिरची असा मेळ घाला. ढोबळीतून गर मिळतो, भावनगरीतून मिरचीचा खरा वास, आणि तिखटपणा हिरवीतून. नुसती ढोबळी वापरली तर सूप बेचव नाही होत, पण त्यात मिरची आहे हे सांगावं लागतं.

भाजायचं थेट गॅसवर, मोठ्या आचेवर, चिमट्याने फिरवत, भरताच्या वांग्यासारखंच. फरक एवढाच की वांगं आतपर्यंत शिजवायचं असतं आणि मिरचीची फक्त साल काळी करायची असते. म्हणून आच मोठी हवी. मंद आचेवर साल काळी होईपर्यंत आतला गर लगदा होतो आणि पट्ट्या निघत नाहीत. पोब्लानोला आठ मिनिटं पुरतात. ढोबळीच्या खाचांमध्ये आच पोचत नाही, तर आधी तिचे देठापासून तीन-चार सपाट तुकडे करा आणि जाळीवर सालीची बाजू खाली ठेवून भाजा. भाजलेल्या मिरच्या वाडग्यात घालून वर ताटली झाका, दहा मिनिटं. वाफेने साल सुटते. मग ती बोटांनी किंवा टिश्यूने पुसून काढा. नळाखाली धरू नका. साल झटपट निघते खरी, पण धुराचा वास आणि मिरचीचा रस दोन्ही पाण्याबरोबर मोरीत जातात, आणि त्यांच्यासाठीच तर आपण मिरची भाजली. साल थोडी राहिली तर राहू द्या; काळे जाड पापुद्रे मात्र सगळे काढा, त्यांनी सूप कडवट होतं. बिया आणि शिरा काढून मिरचीच्या बोटभर लांब, एक सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापा. मेक्सिकोत या पट्ट्यांना राहास म्हणतात. हाताला तिखट लागलं असेल तर आधी तेल चोळा, मग साबण लावा; तिखटपणा तेलात विरघळतो, पाण्यात नाही.

आता जाड बुडाच्या पातेल्यात लोणी आणि तेल एकत्र तापवा.  कांदा बारीक चिरून, चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर सहा-सात मिनिटं परता. तो पारदर्शक व्हायला हवा, तांबूस नाही. आपला हात सवयीने कांदा लाल करायला जातो, आणि तिथेच या सूपाची चव रश्श्याकडे वळते, रंगही मळका होतो. लसूण घालून एक मिनिट. मग 400 ग्रॅम दाणे, खरवडलेला सगळा रस आणि अर्धा चमचा मीठ घालून चार मिनिटं परता. उरलेले 100 ग्रॅम दाणे बाजूला ठेवायचे. त्यावर 600 मिली गरम स्टॉक ओता, झाकण ठेवा, मध्यम आचेवर शिजू द्या. स्वीट कॉर्न बारा मिनिटांत होतं, देशी दाण्यांना वीस लागतात. दाणा दोन बोटांत दाबला तर सहज चपटा व्हायला हवा. घाई असेल तर देशी दाणे स्टॉकमध्ये कुकरला दोन शिट्ट्या काढून आधीच मऊ करून घ्या.

आच बंद करून दहा मिनिटं थांबा आणि मग मिक्सरला लावा. उकळतं सूप बंद भांड्यात फिरवलं की वाफ कोंडते, झाकण उडतं आणि हात भाजतो. भांडं अर्ध्याहून जास्त भरू नका, झाकणावर जाड फडकं दाबून धरा, सुरुवात सगळ्यात कमी वेगाने करा. एका घाण्याला दोन मिनिटं पूर्ण फिरवा. अर्ध्या मिनिटात ते गुळगुळीत दिसायला लागतं, पण दाण्याचं टरफल अजून तसंच असतं आणि जिभेला लागतं. हँड ब्लेंडरने हे काम नीट होत नाही.

यानंतर गाळणं. सूपाच्या गाळणीतून पळीच्या पाठीने दाबत गाळा. पिठाच्या चाळणीत टरफलं अडकून बसतात, पुरणयंत्राच्या जाळीतून खाली निसटतात, म्हणून मधल्या भोकांची स्टीलची गाळणी बरी. मागे मूठभर चोथा राहतो. तो फेकू नका, दुसऱ्या दिवशी थालीपिठाच्या पिठात मळा. गाळायचा कंटाळा येतो हे खरं आहे, तरी साधं सूप आणि रेशमी सूप यांत फरक करणारी ही पायरी आहे.

गाळलेलं सूप परत पातेल्यात घेऊन त्यात ठेवलेले दाणे घाला आणि पाच मिनिटं उकळा. स्टार्च पुरता फुगून दाटपणा आपली खरी पातळी या उकळीत गाठतो, म्हणून जे काही कमी-जास्त करायचं ते आत्ताच. घट्ट असेल तर उरलेला स्टॉक घाला. पातळ असेल तर मासा हारिना, म्हणजे तोर्तियाचं (मेक्सिकन मक्याच्या पोळीचं) पीठ, एक मोठा चमचा गार पाण्यात कालवून घाला आणि पाच मिनिटं ढवळत शिजवा. हे पीठ चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं असतं, त्याच्या वासाने सूपाला तोर्तियाची आठवण येते. ते नसेल तर आपलं भाकरीचं मक्याचं पीठ तेवढंच घ्या, पण आठ-दहा मिनिटं शिजवा, नाहीतर कच्चट लागतं. बाजारात कॉर्नफ्लोर म्हणून मिळणारी पांढरी पूड मात्र घालू नका. ती नुसता स्टार्च असते, सूपाला चकचकीत, सुळसुळीत करते, आणि खाणाऱ्याला चायनीजच्या गाडीवरचं स्वीट कॉर्न सूप आठवतं. ते सूप आपल्या जागी छान आहे, इथे नको. या टप्प्यावर पळी सतत बुडापासून फिरवत राहा, पिठूळ सूप पटकन खाली लागतं. लागलंच तर खरवडू नका, वरचं सूप अलगद दुसऱ्या पातेल्यात काढा.

आच मंद करून दूध घाला. थंड दूध एकदम ओतण्यापेक्षा कोमट बरं. इथून पुढे उकळी नाही, फक्त कडेला वाफ दिसावी इतकं तापवायचं. मक्याच्या स्टार्चमुळे दूध बऱ्यापैकी सांभाळलं जातं, तरी ते फाटण्याची कारणं नेहमी तीच असतात: पातेल्यात लिंबू पिळलं, दूध आदल्या दिवशीचं आंबटसर होतं, किंवा जोरात उकळी आली. क्रीमचंही तसंच आहे. आपल्याकडचं पाकिटातलं फ्रेश क्रीम साधारण 25 टक्के फॅटचं असतं आणि जास्त आचेवर फुटतं. आच बंद करा, क्रीम वाटीत घ्या, त्यात पळीभर गरम सूप कालवा आणि मग ते मिश्रण पातेल्यात सोडा. सावर क्रीम घेणार असाल तर ही खबरदारी दुप्पट. दही पातेल्यात नकोच. आंबटपणा हवा असेल तर पाण्याविना फेटलेलं घट्ट दही वाढताना चमचाभर वर घाला. लिंबूही ज्याच्या त्याच्या वाटीत, चार-पाच थेंब. मिठाची चव सगळ्यात शेवटी बघा, गोड मक्याला आपल्या अंदाजापेक्षा थोडं जास्तच मीठ लागतं.

मिरचीच्या पट्ट्या वाटायच्या नाहीत. वाटल्या तर सूप शेवाळी होतं आणि तिखटपणा सगळीकडे सारखा पसरतो. पट्ट्या वेगळ्या असल्या की दोन घास गोड, तिसरा धुरकट तिखट, अशी मजा राहते. निम्म्या सूपात ढवळा, निम्म्या वाढताना वर घाला. केसो फ्रेस्को या मेक्सिकन ताज्या चीजच्या जागी पनीर कुस्करून, त्याला पाव चमचा मीठ आणि लिंबाचे चार थेंब चोळून दहा मिनिटं ठेवा. आपलं पनीर बिनमिठाचं असतं, तसंच घातलं तर मचूळ लागतं. कोथिंबीर, आणि असतील तर शिळ्या मक्याच्या तोर्तियाच्या अर्धा सेंटिमीटर पट्ट्या कडक तळून. शिळ्याच घ्या, ताज्यांत पाणी जास्त असतं आणि त्या तेल पितात. साधे मिठाचे नाचोजही चालतात, चीज-मसाल्याचे नकोत.

पोटभरीचं करायचं तर 250 ग्रॅम चिकनचे बिनहाडाचे मांडीचे तुकडे कणसांच्या स्टॉकमध्ये पंधरा मिनिटं मंद शिजवा, काट्याने सोडवा आणि क्रीमच्या आधी सूपात घाला. स्टॉकही त्यामुळे सुधारतो. शाकाहारी घरात वाटीभर शिजलेले काळे घेवडे किंवा राजमा, पाणी पूर्ण निथळून आणि वाढतानाच. आधी घातले तर सूप मळकट होतं.

आठवड्याच्या मधल्या दिवसासाठी रविवारी दोन कामं उरकून ठेवता येतात. मिरच्या भाजून, सोलून, पट्ट्या करून डब्यात फ्रीझरला ठेवा, महिनाभर टिकतात. सूपही दूध घालण्याआधीच्या टप्प्यापर्यंत करून फ्रीझ करा. दूध-क्रीम घातलेलं सूप गोठवलं तर वितळताना पाणी आणि फॅट वेगळं होतं. क्रीम घातलेलं उरलं तर फ्रिजमध्ये दोन दिवस राहतं, पण खीर थिजावी तसं थिजतं. मंद आचेवर आधी अर्धी वाटी पाणी किंवा दूध घालून हलवत सैल करा, मग गरम करा, आणि उकळी यायच्या आत उतरवा.