नायजेलचं देणं

३० एप्रिल २०२६, गुरुवार

उद्या महाराष्ट्र दिनाची सुट्टी आणि उद्याच ‘द डेव्हिल वेअर्स प्राडा’चा दुसरा भाग पडद्यावर. पहिला आला जून २००६ मध्ये, म्हणजे मधे जवळपास वीस वर्षं गेली. मेरिल स्ट्रीप, अ‍ॅन हॅथवे, एमिली ब्लंट, स्टॅन्ली टुची, चौघंही परत आलेत. दिग्दर्शक डेव्हिड फ्रँकेल आणि पटकथा लिहिणारी अलीन ब्रॉश मकेना ही जोडीही तीच. मी अजून एकही परीक्षण वाचलेलं नाही. ग्रुपवर सगळ्यांना बजावून ठेवलंय, कुणी काही फोडायचं नाही.

बाकीच्या मैत्रिणी मिरांडासाठी, म्हणजे ‘रनवे’ या फॅशन मासिकाच्या संपादिकेच्या भूमिकेतल्या स्ट्रीपसाठी, चालल्यात. मी टुचीच्या नायजेलसाठी चाललेय.

काल रात्री जेवणं आटोपल्यावर पहिला भाग पुन्हा लावला. हसू अजून तेवढंच येतं, आणि त्यात मोठा वाटा एमिली ब्लंटचा आहे हे या वेळी जास्त जाणवलं. मिरांडा तर कुठेच आवाज चढवत नाही. तो हळू आवाज आपण क्लिंट ईस्टवुडकडून उचलला, असं स्ट्रीपनेच सांगितलंय. तो कधी ओरडत नाही, म्हणून सगळे कान देऊन ऐकतात. निळ्या स्वेटरचा प्रसंग मी मागे नेऊन परत पाहिला. तिची नवी सहायक अँडी (हॅथवे), तिच्या अंगावरचा तो साधासा स्वेटर बड्या डिझायनरच्या शोमधून निघून सेलच्या ढिगाऱ्यापर्यंत कसा उतरत आला, हे मिरांडा जवळजवळ एका दमात सांगते. आपल्या कामात इतकी मुरलेली बाई मला कधीच निव्वळ दुष्ट वाटली नाही.

आणि म्हणूनच तिने नायजेलशी जे केलं ते जास्त लागतं.

नायजेल हा ‘रनवे’ मासिकातला कलेची बाजू सांभाळणारा माणूस. अँडीला तो एका लहान मुलाची गोष्ट सांगतो: ऱ्होड आयलंडमध्ये सहा भावांत वाढलेला, फुटबॉलच्या सरावाला जातो सांगून शिवणाच्या वर्गाला जाणारा, रात्री पांघरुणात टॉर्च लावून हेच मासिक वाचणारा. तो मुलगा कोण ते नायजेल बोलत नाही, आपल्याला कळतं. मासिक त्याच्यासाठी काय आहे हेही तिथेच कळतं.

मग पॅरिस. जेम्स होल्ट या डिझायनरच्या कंपनीची सूत्रं नायजेलकडे येणार असतात. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच स्वतःच्या आयुष्याचे निर्णय स्वतः घेता येतील, पॅरिसला येऊन खरंच पॅरिस बघता येईल, या आनंदात तो असतो. पण मासिक काढणाऱ्या कंपनीचा अध्यक्ष, अर्व्ह, मिरांडाला काढून तिच्या खुर्चीवर फ्रेंच ‘रनवे’ची संपादक जॅकलिन फोले हिला बसवायच्या बेतात आहे. मिरांडा खुर्ची वाचवते, आणि त्यासाठी होल्टकडची ती जागा जॅकलिनला देऊन टाकते. भर समारंभात, माइकवरून, नायजेल समोर बसलेला असताना. टुचीचा त्या क्षणाचा चेहरा मी किती वेळा बघितलाय. तो टाळ्या वाजवतो. शेजारी बसलेल्या अँडीला म्हणतो की वेळ आली की मिरांडा परतफेड करेल. खात्री आहे का, असं अँडी विचारते, तर खात्री नाही म्हणतो. आशा ठेवण्यावाचून गत्यंतर नाही त्याला.

काल मी शेवटाकडे जरा हिशेबी नजरेने पाहिलं. अँडी मिरांडाच्या गाडीतून उतरते, फोन कारंज्यात टाकते, नोकरी सोडते. तिच्यासाठी मिरांडा नव्या ठिकाणी आपल्या पद्धतीने का होईना, शब्द टाकते. मिरांडाची पहिली सहायक एमिली (ब्लंट), तिची पॅरिसवारी हुकली, पण तिला पॅरिसचे सगळे कपडे मिळतात. मिरांडाची खुर्ची शाबूत. जो सोडून गेला नाही, ज्याने एका शब्दाने तक्रार केली नाही, त्याच्या हातात काहीही पडत नाही. सोडून गेलेलीसाठी मिरांडा शब्द टाकू शकते, तर याच्यासाठी का नाही?

माझ्या पहिल्या नोकरीत, एका मासिकात, पानं लावणारे एक दादा होते. डमी, म्हणजे अंकाची कच्ची मांडणी, बघून कुठलं पान वाचकाला थांबवेल हे ते बोट ठेवून सांगायचे. दिवाळी अंकाच्या दिवसांत त्यांचा मुक्काम छापखान्यातच. विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली तेव्हा बाहेरून माणूस आणला, आणि दादांना सांगितलं, पुढच्या वेळी तुमचं नक्की. पुढची वेळ यायच्या आत मासिकच बंद झालं. दादांनी नव्या साहेबांना पहिल्याच दिवशी सगळ्या फाइली समजावून दिल्या होत्या, हसतमुखाने. नायजेलच्या टाळ्या बघताना मला ते हसू आठवतं आणि घशात काहीतरी अडकतं.

दुसऱ्या भागाबद्दल जेवढं कानावर आलंय त्यावरून छापील मासिकांची उतरती कळा हाच त्याचा गाभा आहे, आणि एकेकाळी मिरांडाची कॉफी आणणारी एमिली आता एका बड्या चैनीच्या ब्रँडमध्ये अधिकारी आहे. जाहिरातीचा पैसा तिच्या हातात. हे अगदी पटण्यासारखं आहे, कारण असली मासिकं वर्गणीपेक्षा जाहिरातींवर जगत आली. अमेरिकन ‘व्होग’चा सप्टेंबर २००७ चा अंक ८४० पानांचा होता, त्यातली बहुतेक पानं जाहिरातींची. ते दिवस गेले. ज्यांच्यावरून मिरांडा रंगवली असं सगळे धरून चालतात त्या ॲना विंटूर यांनीही १९८८ पासून सांभाळलेलं अमेरिकन ‘व्होग’चं संपादकपद २०२५ मध्ये सोडलं. अशा काळात जुनं देणं फेडायचं राहून जातं, हीच भीती मला आहे. खुर्चीच डळमळत असली की परतफेड पुढच्या वर्षावर जाते.

तरी मकेना ते विसरली असेल असं मला वाटत नाही. पहिल्या भागात नायजेलच्या तोंडी इतका स्पष्ट शब्द घालून ठेवलाय, तो असाच सोडायला नव्हता घातला.

मला बढती नको, कंपनीची सूत्रंही नकोत. मिरांडाने तशाच भर समारंभात, माइकवरून, त्याचं नाव घ्यावं. ही पानं कुणी घडवली ते सांगावं. मग नायजेलने तिच्याबरोबर राहावं की सुट्टी काढून पॅरिस बघायला जावं, ते त्याचं तो ठरवील. तो गेला तर मला जास्त आवडेल.