आत्याच्या कुत्र्याचा जोडीदार: भायखळा ते मटन स्ट्रीट

गिरगावात माझ्या आत्याच्या फडताळात चिनी मातीचा एक पांढरा कुत्रा बसलेला असे. कानांवर गेरूच्या रंगाचे डाग, गळ्यात सोनेरी साखळी आणि तिला इवलेसे कुलूप. अंग उजवीकडे वळलेले, तोंड मात्र पाहणाऱ्याकडे. आत्या गेल्यावर तो माझ्याकडे आला. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशर परगण्यात एकोणिसाव्या शतकात हे कुत्रे जोडीने घडवले जात आणि शेकोटीवरच्या फळीच्या दोन टोकांना एकमेकांकडे वळून बसत, हे कळल्यापासून त्याचे एकटेपण मला पाहवेना. त्याच्यामुळेच मी अशा सुट्या मूर्ती जमवू लागले. इतर दोघांचे जोडीदार मिळाले, याचा मात्र मिळत नव्हता.

शुक्रवारी चोर बाजारातली दुकाने बंद असतात आणि रस्त्यावर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. त्या गर्दीत मूर्ती उलटी करून निवांत पाहता येत नाही, म्हणून मी शनिवारी निघाले. कुत्रा जुन्या लुगड्यात गुंडाळून सोबत घेतला होता, कारण फोटोतला पांढरा रंग हमखास फसवतो.

आधी भायखळ्याला उतरून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेले. १८७२ मध्ये हे संग्रहालय व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांच्या नावाने खुले झाले आणि १९७५ मध्ये त्याला भाऊ दाजींचे नाव मिळाले. राणी व्हिक्टोरियाचा लाडका कुत्रा डॅश हाही माझ्या कुत्र्यासारखाच लोंबत्या कानांच्या स्पॅनिएल जातीचा, म्हणून माझ्या कुत्र्याला घेऊन तिथे जाणे मला योग्य वाटले. निरनिराळ्या समाजांतल्या स्त्रीपुरुषांच्या रंगवलेल्या छोट्या मातीच्या मूर्तींसमोर मी बराच वेळ उभी राहिले आणि भुवया कशा ओढल्या आहेत तेवढेच पाहत राहिले. जोडी जुळवताना शेवटी भुवयांवरच निकाल लागतो.

सँडहर्स्ट रोडला उतरून चालत चोर बाजारातला मटन स्ट्रीट गाठला. पहिल्या दुकानात कुत्रा होता, पण तोही उजवीकडेच वळलेला. डाव्या आणि उजव्या कुत्र्याचे साचे वेगळे असतात. एकाच दिशेचे दोन कुत्रे कितीही सारखे दिसले तरी ती जोडी होत नाही. दुसऱ्या दुकानात डावीकडे वळलेला मिळाला, तेव्हा क्षणभर माझा श्वास अडकला. माझा कुत्रा शेजारी ठेवला आणि दोन्ही उलटे केले. माझ्या कुत्र्याच्या तळाशी लहानसे छिद्र आहे. मातीच्या लाद्या प्लास्टरच्या साच्याच्या दोन भागांत हाताने दाबून आणि ते भाग जोडून पोकळ मूर्ती केली, की भट्टीत आतली हवा बाहेर पडावी म्हणून असे छिद्र ठेवतात. त्या दुसऱ्या कुत्र्याचे छिद्र चांगले मोठे होते, म्हणजे त्याच्या साच्यात पातळ माती ओतून उरलेली काढून घेतली होती. ही नंतरची पद्धत. सोनेही आरशासारखे झगझगीत होते, तर माझ्याकडचे मऊ, मंद आणि घासलेले आहे. शिवाय तो दोन सेंटिमीटर बुटका होता. तयार मूर्तीवरूनच नवा साचा काढला, की वाळताना आणि भाजताना माती पुन्हा आकसते आणि नक्कल मुळापेक्षा लहान होते. मी तो परत ठेवला.

तिसरे दुकान अरुंद होते आणि दिव्यांच्या काचांनी भरलेले होते. मागच्या फळीवर, एका घड्याळाआड, डावीकडे वळलेला कुत्रा बसला होता. "सिंगल पीस है, जोडी होती तो दाम तिगुना होता," दुकानदार म्हणाले. माझ्या पिशवीतून दुसरा बाहेर येताच मात्र ते स्वतःच खुर्ची ओढून शेजारी बसले. उंचीत तीन मिलिमीटरचा फरक निघाला. हाताच्या कामात तेवढा फरक मूळ जोडीतही असतो, त्याने मी खचले नाही. छिद्र तेवढेच, सोने तसेच मंद, छातीवरच्या केसांचे वळण आरशातल्यासारखे उलटे. झिलईतल्या बारीक तड्यांची जाळीही सारखी होती. अतिनील टॉर्च फिरवला, तर कानाच्या टोकाशी एक ठिपका वेगळा चमकला; तिथे कधीतरी दुरुस्ती झाली होती.

मग भुवया पाहिल्या. माझ्या कुत्र्याच्या भुवया लांब आणि एका दमात ओढलेल्या आहेत, याच्या मात्र आखूड आणि तुटक होत्या. हे रंगकाम बहुधा बायका आणि मुले करीत, आणि ओळखायला त्यांच्या कुंचल्याखेरीज काहीच उरलेले नाही. साचा एकच असेल, पण रंगवणारे हात दोन होते. हे दोघे एका फळीसाठी रंगवलेले नव्हते. मला वाईट वाटले, तरीही मी तो घेतला, कारण याहून जवळचा मिळेल असे वाटले नाही. कानाच्या दुरुस्तीबद्दल सांगताच दुकानदारांनी न कुरकुरता किंमत उतरवली.

जुळवलेली जोडी मूळची म्हणून विकणे मला अक्षम्य वाटते. घरी आल्यावर नव्या कुत्र्याच्या तळाशी, छिद्र मोकळे ठेवून, मी कागदाची पट्टी चिकटवली: "जोडीदार चोर बाजारातून. भुवया वेगळ्या. कान दुरुस्त." आत्याच्या कुत्र्याखालीही तशीच पट्टी लावली: "गिरगावचा. मूळ जोडीदार हरवला." मग दोघांना फडताळाच्या दोन टोकांना, एकमेकांकडे वळवून बसवले.