सातव्या क्रायटेरियातला तारपा

नॅक म्हणजे कॉलेजांना ग्रेड देणारी संस्था. तिची पीअर टीम, म्हणजे बाहेरच्या प्राध्यापकांची तपासणी समिती, प्रत्यक्ष कॉलेजात येऊन बसायची, तेव्हाची ही गोष्ट. मी मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते आणि त्यावर समान संधी कक्षाची समन्वयक पण आहे. यूजीसीच्या 2012 च्या नियमावलीप्रमाणे हा कक्ष प्रत्येक कॉलेजात असायला हवा, आमच्याकडे तो म्हणजे मी, एक कपाट आणि जिन्याखाली लावलेली पाटी. पाटी नॅकच्या आधी नवीन करून घेतली.

लोकांना वाटतं या कक्षात भेदभावाच्या तक्रारी, समुपदेशन वगैरे चालतं. तेही येतं अधूनमधून. पण वर्षभर मी जे करते ते म्हणजे महाडीबीटी, सरकारी शिष्यवृत्त्यांचं पोर्टल. मुलगा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरतो, तो कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला येतो, तिथून प्रिन्सिपलच्या लॉगिनला, मग सरकारी खात्याकडे, आणि तो यापैकी कुठेही अडकला तरी मुलाला मोबाईलवर एकच दिसतं, अंडर स्क्रुटिनी. दाखला नीट स्कॅन झाला नाही म्हणून फॉर्म परत आला तर मेसेज ज्या नंबरवर जातो तो रिचार्ज संपून कधीच बंद पडलेला असतो. आणि सगळं पास झालं तरी पैसे आधार ज्या खात्याला शेवटचं जोडलंय तिकडे जातात, पोरगा कुठल्या बँकेचं पासबुक घेऊन फिरतोय त्याच्याशी सरकारला घेणंदेणं नाही. आमच्या एका मुलाने स्टेशनबाहेर छत्री लावून बसलेल्या माणसाकडून सिम घेतलं, अंगठा दिला, आणि त्याच अंगठ्यावर त्याचं कुठल्याशा पेमेंट बँकेत खातं उघडलं गेलं. शिष्यवृत्ती तिकडे जमा, आणि हा वर्षभर गावच्या बँकेत पासबुक भरून घेतोय आणि सरकारी खात्याला शिव्या घालतोय. आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते बघून, जुनं सिम शोधून, आम्ही ते पैसे काढले. मला माझ्या पीएचडीपेक्षा या असल्या गोष्टींचा जास्त अभिमान आहे, हसायचं तर हसा.

तर त्या वर्षी चाळीसेक फॉर्म आमच्याच कॉलेजात अडकले होते. क्लार्क काकांनी पुढे पाठवलेले, पण प्रिन्सिपलच्या लॉगिनचा पासवर्ड चालत नव्हता, आणि नवीन पासवर्डसाठी जो ओटीपी लागतो तो जायचा आधीच्या प्रिन्सिपल सरांच्या मोबाईलवर, जे रिटायर होऊन पनवेलला राहतात. नंबर बदलायचा तर लेटरहेडवर अर्ज करायचा, सही-शिक्का घ्यायचा, पाठपुरावा करायचा. हे कुणी करायचं यावर क्लार्क काका म्हणायचे मॅडम मला परीक्षेचे फॉर्म आहेत आणि बीएलओची, म्हणजे मतदारयादीची ड्युटी पण आहे (होती, खोटं नाही बोलत), आत्ताचे प्रिन्सिपल सर म्हणायचे नॅक होऊ दे. मी ऑक्टोबरपासून मागे लागले होते. स्टाफरूममध्ये एक सहकारी मला म्हणाले, "त्यांना काय हो, फी तर माफच असते." फी माफ म्हणजे ती सरकारकडून कॉलेजला यायची असते, तीही त्याच फॉर्मवर, आणि निर्वाह भत्ता मुलांना मिळतो तोही त्याच फॉर्मवर. वीस वर्षं शिकवतायत हे गृहस्थ.

गंमत बघा. नॅकच्या पाचव्या क्रायटेरियात, म्हणजे निकषात, पहिलाच मुद्दा होता, सरकारी शिष्यवृत्ती किती विद्यार्थ्यांना मिळाली. पण तिथे आकडे द्यायचे मागच्या पाच वर्षांचे, आणि ते आम्ही आधीच भरलेले. चालू वर्षाचे चाळीस फॉर्म कुठल्याच तक्त्यात येत नव्हते, म्हणून कुणाला घाई नव्हती. घाई होती ती सातव्या क्रायटेरियाची. सांस्कृतिक, प्रादेशिक, भाषिक विविधतेबद्दल तुम्ही काय करता ते तिथे दाखवायचं, फोटोसकट, फोटोवर अक्षांश-रेखांश आणि तारीख पाहिजेच. आमच्याकडे दाखवायला होता ट्रॅडिशनल डे, म्हणजे नऊवारी, फेटे, गॉगल आणि बुलेटवर बसून रील. मीटिंगमध्ये कुणाला तरी आठवलं की आपल्याकडे वारली मुलं आहेत, मग काय, सांस्कृतिक संध्येत तारपा नृत्य, तारपा या भोपळ्याच्या फुंकवाद्यावरचा वारल्यांचा नाच. आणि ते बसवायचं काम समान संधी कक्षाकडे, कारण नावातच आहे ना.

मी ज्या मुलीला बोलावलं ती सफाळ्याहून यायची. पहाटेची डहाणू-विरार लोकल, विरारला उतरून दुसरी गाडी, कॉलेजात पोचेपर्यंत पहिलं लेक्चर निम्मं झालेलं. एसवायला होती, वर्गात तोंड उघडायची नाही. मी तिला सांगितलं तर ती म्हणाली, "मॅडम, आत्ता मार्चमध्ये कोण तारपा काढतं? आमच्या पाड्यावर नवा भात तयार झाला की काढतात, दिवाळीनंतर ठेवून देतात." मी म्हटलं ठीक आहे, मी सरांना तसं सांगते. ती थांबली जरा, मग म्हणाली, "नाही नाही. नाच पाहिजे ना त्यांना, नाच देऊ. मला एकदा सरांना भेटायचंय."

सरांच्या केबिनमध्ये मी तिच्याबरोबर गेले. सरांनी एकदम बेटा वगैरे सुरू केलं, तुम्हीच आपल्या कॉलेजची शान. तिने वहीचं एक पान काढून टेबलावर ठेवलं. दुहेरी रेघांचं पान, त्यावर निळ्या पेनाने नावं, वर्ग, आणि प्रत्येकापुढे अ‍ॅप्लिकेशन आयडी, तो लांबलचक असतो, तो तिने प्रत्येक अंक मोकळा सोडून लिहिलेला की चुकू नये. मला वाटलं फक्त नाचणाऱ्या मुलींची यादी असेल. तर त्यात वारली होत्या, मल्हार कोळी होते, एक कातकरी मुलगा होता, एससीची आणि व्हीजेएनटीची मुलंही होती, बीकॉमची सुद्धा. हे सगळे आयडी तिने गोळा कधी केले मला पत्ता नाही, माझ्या कपाटातल्या यादीपेक्षा तिची यादी पूर्ण होती. ती म्हणाली, "सर, हे सगळे फॉर्म तुमच्या लॉगिनला आहेत. पुढे गेले की आम्ही प्रॅक्टिसला थांबतो. सहाच्या पुढे थांबलं की मला गाडीचा प्रॉब्लेम होतो, तरी थांबते."

सर माझ्याकडे बघायला लागले, जणू मीच पढवून आणलंय. मी काहीच बोलले नाही.

पुढचा तास-दीड तास मी विसरणार नाही. सरांनी स्वतः पनवेलला फोन लावला. रिटायर सर दुपारचे झोपलेले, बाईंनी उठवलं. क्लार्क काका कॉम्प्युटरवर, सर स्पीकरवर, ओटीपी यायचा, रिटायर सरांना चष्मा सापडायचा नाही, तोवर ओटीपी संपायचा, पुन्हा पाठवा. शेवटी त्यांच्या नातवाने वाचून दाखवला. लॉगिन उघडलं. मग काका एकेक आयडी टाकतायत, ती बाजूला उभी राहून वाचतेय आणि अप्रूव्ह झालेल्या नावापुढे टिक करतेय. तीन फॉर्म परत पाठवावे लागले, एकाचा उत्पन्नाचा दाखला जुना, दोघांच्या मार्कशीटचा फोटो अर्धवट, आणि तिथल्या तिथे तिने त्या मुलांना फोन लावले. बाकीचे गेले. ऑक्टोबर ते मार्च जे झालं नाही ते एका दुपारी झालं, आणि काका मला हळूच म्हणाले, "एवढंच होतं होय." मला त्यांचा राग यायला पाहिजे होता, पण त्यांच्या टेबलावर बीएलओचे गठ्ठे होते आणि त्या दिवशी त्यांनी जेवणही सोडलेलं.

कार्यक्रम झाला. मुलींनी लुगडी नेसलेली, एका रांगेत प्रेक्षकांकडे तोंड करून, पेनड्राइव्हवरच्या गाण्यावर नाचल्या, छान नाचल्या. मागे थर्माकोलवर रंगवलेली वारली चित्रं, बीएमएमच्या मुलांनी नेटवरून बघून काढलेली. खरा तारपा नाच गोल असतो, वाजवणारा मध्ये, आणि त्याला पाठ दाखवत नाहीत. मी तिला नंतर विचारलं, हा कुठला नाच? म्हणाली, "आश्रमशाळेतल्या गॅदरिंगचा. आमच्या बाईंनी बसवलेला, त्या सांगलीच्या." पीअर टीममधले परराज्यातले एक प्राध्यापक उभे राहून टाळ्या वाजवत होते, ऑथेंटिक म्हणाले, दोनदा. फोटो अक्षांश-रेखांशासकट अहवालात गेला.

नंतर स्टाफरूममध्ये शब्द ऐकला, ब्लॅकमेल. सरांनी तसं म्हटलं नाही, ते एवढंच म्हणाले की मुलगी हुशार आहे पण जरा जास्तच. मला ब्लॅकमेल वाटलं नाही, आजही वाटत नाही, पण मला नक्की काय वाटतं तेही सांगता येत नाही. आनंद झाला होता, आणि त्या आनंदाचा राग आला होता. विनंती, स्मरणपत्र, रीतसर अर्ज हे सगळे रस्ते मी धरले, आणि ते रस्ते कुठेच जात नाहीत हे एसवायच्या मुलीला माझ्या आधी कळलेलं. तिने खरी गोष्ट, तारपा, घरीच ठेवली आणि कॉलेजला जे पाहिजे होतं तेवढंच विकलं, तेही योग्य भावात, आणि सगळ्यांसाठी. समाजशास्त्र मी शिकवते.

ती टीवाय करून गेली, आता ठाण्याला लॉ करतेय. नॅक तेव्हा पाच वर्षांतून एकदा यायचं. पुढच्याच डिसेंबरात पासवर्ड पुन्हा संपला, नंबर बदलायचा अर्ज फाइलमध्येच होता, आणि फॉर्म पुन्हा लॉगिनला येऊन थांबले. मी सरांकडे गेले, ते म्हणाले बघू. दोन दिवसांनी एफवायचा एक मुलगा जिन्याखाली आला, बोईसरचा, हातात तसंच वहीचं पान. म्हणाला, "मॅडम, यंदा कॉलेजात बाहेरचं कोण येणारे का?"

मी म्हटलं विद्यापीठाची एलआयसी येते, नवीन कोर्सच्या परवानगीसाठी स्थानिक चौकशी समिती असते ती.

त्याने तारीख विचारली.