फुग्यावर चढवलेली बाही

रविवार, दादर

आज दुपारी भाची जेवायला आली होती. बारावीनंतर अंतराळवीरांचे पोशाख घडवायचे आहेत, असे तिने पानावर बसताबसता सांगितले आणि विचारले, "मावशी, त्यासाठी एरोस्पेसलाच जावे लागेल ना?" अग्निशामकांच्या कपड्यांची कापडे तपासण्यात मी नोकरीची सारी वर्षे घालवली, म्हणून या प्रश्नाने मला मनापासून आनंद झाला.

जेवणानंतर मी तिच्या हातात एक लांब फुगा दिला. तो वाकवला की आतल्या हवेची जागा कमी होते आणि म्हणून तो सोडताच पुन्हा सरळ होतो; निर्वात पोकळीत दाबाने भरलेला पोशाखही प्रत्येक हालचालीला असाच विरोध करतो. 18 मार्च 1965 रोजी सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव्ह हे यानातून बाहेर पडून अवकाशात वावरणारे पहिले मानव ठरले, तेव्हा त्यांचा पोशाख इतका फुगला की आत परतण्यासाठी त्यांना झडपेतून दाब कमी करावा लागला. आजच्या अमेरिकी पोशाखात समुद्रसपाटीच्या दाबाच्या सुमारे 0.3 पट दाबाने शुद्ध ऑक्सिजन भरतात, आणि तरीही तासन्‌तास हातमोज्यात मूठ आवळून काम केल्याने अंतराळवीरांची नखे दुखावतात.

मग आईच्या जुन्या शिवणयंत्रावर मी जाड सुती कापडाची नळी शिवली, कोपराच्या जागी आडव्या चुण्या घातल्या, दोन्ही कडांना न ताणणारी फीत लावली आणि फुगा आत सरकवला. वाकवताना आतल्या बाजूच्या चुण्या मिटल्या, बाहेरच्या उलगडल्या, आतली जागा जवळजवळ तेवढीच राहिली आणि बाही सहज वळली.

"म्हणजे हे शिवणकामच आहे?"

होय, आणि ते अभियांत्रिकीच आहे, असे मी ठामपणे मानते. माणसाला चंद्रावर नेणाऱ्या अपोलो मोहिमांचे पोशाख 'प्लेटेक्स' नावाच्या अंतर्वस्त्रांसाठी ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी कंपनीतल्या स्त्रियांनी शिवले होते, आणि कापडात विसरलेली एखादी टाचणीसुद्धा हवा धरून ठेवणारा थर फोडू शकेल, याची त्यांना सतत जाणीव ठेवावी लागे. म्हणून मी तिला माटुंग्याच्या व्हीजेटीआय या अभियांत्रिकी महाविद्यालयातील वस्त्र अभियांत्रिकीची शाखाही नीट पाहायला सांगितले.

निघताना तिने अंगठ्याचे काय करायचे, असे विचारले. अंगठ्याचा बुडाचा सांधा एकाहून अधिक दिशांना फिरतो, त्यामुळे आजच्या सरळ चुण्या तिथे चालणार नाहीत. पुढच्या रविवारी तिच्या हाताचे माप कागदावर उतरवून हातमोज्याला सुरुवात करायची, असे ठरले आहे.