जाळीच्या विणीचा चार्ट

आज सुयांवरच्या जाळीच्या विणीचा चार्ट, म्हणजे टाक्यांसाठी चौकोनांत खुणा काढलेला नमुना, सलग वाचता आला. फार आनंद झालाय!

चार्ट खालून वर वाचायचा. सुलट बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे, कारण सुईवरचे टाकेही आपण त्याच दिशेने विणत जातो. उलट बाजूच्या ओळी पुष्कळ चार्टमध्ये काढलेल्याच नसतात. त्यात बहुतेकदा सगळे टाके उलट घालायचे असतात.

गोल म्हणजे सुईवर धाग्याचा वेढा. तिथेच भोक पडतं. तिरकी रेघ म्हणजे दोन टाक्यांचा एक, आणि रेघ जिकडे झुकते तिकडेच विणलेला टाका झुकतो. किती सुंदर सोय आहे ही! वेढ्याने एक टाका वाढला की कुठेतरी दोनाचा एक होऊन हिशेब जुळतो. हे उमगलं आणि चौकोन मोजणं सुटलं, समोर सरळ पानच दिसायला लागलं: मधोमध देठ, दोन्ही कडांना भोकं.

करड्या चौकोनाशी मात्र बराच वेळ थांबले. तिथे टाकाच नसतो, सरळ पुढच्या चौकोनावर जायचं. (खुणांची यादी प्रत्येक नमुन्यासोबत आधी बघाच, त्या सगळीकडे सारख्या नसतात.)

लेखी सूचनांपेक्षा मला आता चार्टच हवा. चार्टवर जाड चौकटीत दाखवलेली नक्षी पुन्हा पुन्हा विणत स्टोल पूर्ण करायचाय.