आईचा गिझर आणि पडणारा ईएलसीबी

पुनावळ्याच्या नव्या फ्लॅटमध्ये येऊन नऊ दिवस झाले होते. सकाळी साडेसहाला आईने गिझर लावला आणि पाच मिनिटांत घरभर अंधार. आई बाथरूममध्ये, तोंडाला साबण. "अगं, लाइट गेले का?" बाहेर पॅसेजमधला दिवा चालू होता. म्हणजे फक्त आमचेच गेले होते.

डीबी, म्हणजे स्विचांची मुख्य पेटी, उघडली. सगळे एमसीबी (जास्त करंट झाला की पडणारे छोटे स्विच) वर, फक्त टेस्टचं बटण असलेला तो रुंद स्विच खाली पडलेला. ईएलसीबी, विजेची गळती झाली की पडणारा. (कागदोपत्री आता आरसीसीबी, पण दुकानात आणि साइटवर अजून ईएलसीबीच.) वर केला, परत पडला.

दहा वाजता इलेक्ट्रिशियन आला. पाच मिनिटं बघून म्हणाला, "ताई, हा फार सेन्सिटिव्ह असतो. काढून डायरेक्ट देतो, कटकट मिटेल."

मी भोसरीला पॅनल बनवणाऱ्या एका कारखान्यात क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या पॅनलवर सह्या करते, आणि माझ्याच घरात डायरेक्ट?

गिझर 2000 वॅटचा, म्हणजे साधारण पावणेनऊ अँपियर. त्याला 16 अँपियरचा एमसीबी. ओल्या अंगाच्या माणसातून अर्धा अँपियर गेला तर माणूस संपेल, पण त्या एमसीबीला पत्ताही लागणार नाही. तो वायर जळू नये म्हणून असतो. ईएलसीबी फक्त हिशोब ठेवतो: फेजमधून गेलं किती, न्यूट्रलने परत आलं किती. 30 मिलिअँपियरचा फरक पडला, म्हणजे तेवढं कुठेतरी गळतंय, की तोडतो.

सगळे एमसीबी खाली करून एकेक वर घेतला. गिझरचा वर केला की धाड.

हा गिझर आम्ही साताऱ्याहून आणलेला, आठ वर्षं जुना. कॉइलचं आवरण क्षारांनी खाऊन फुटलं होतं. आणि मग आठवलं, तिकडे नळाला हात लावला की झिणझिण्या यायच्या. आईचा त्यावर उपाय होता, रबरी चप्पल. तिथे ईएलसीबी नव्हता, सॉकेटची अर्थिंगची वायरही कधी कोणी जोडली नव्हती. गळती नवीन नव्हतीच. इथे पहिल्यांदा अर्थिंग मिळालं आणि ती पकडली गेली.

गिझर बदलला. पण मुळात अख्ख्या घराला एकच ईएलसीबी, हे मला पटेना. बाथरूममधल्या गळतीने बेडरूमचा पंखा आणि फ्रिज का बंद पडावा? अशा त्रासाला कंटाळूनच लोक तो काढून टाकतात. म्हणून दोन बसवले: बाथरूम एकावर, बेडरूम आणि बाकी घर दुसऱ्यावर.

खरी गंमत इथून पुढे. आईच्या बेडरूमचा पंखा लावला की दोन्ही पडायचे. गिझर बंद, बाथरूममध्ये कोणी नाही, तरी. दीड दिवस गेला. शेवटी पलंगाशेजारचा बोर्ड उघडला तर पंख्याचा न्यूट्रल भिंतीपलीकडच्या गिझरच्या डब्यातून उचललेला! वायर वाचवली होती कोणीतरी दोन मीटर. 75 वॅटचा पंखा म्हणजे 300 मिलिअँपियरच्या वर. तेवढे एका ईएलसीबीतून जायचे आणि दुसऱ्यातून परत यायचे. दोघांचाही हिशोब चुकणारच. एकच ईएलसीबी होता तोवर ही चूक कोणाला दिसलीच नसती.

बिल्डरकडे वायरिंगचं ड्रॉइंग मागितलं. चार फोननंतर पीडीएफ आली. ती समोरच्या विंगच्या फ्लॅटची निघाली, आरशात पाहिल्यासारखी उलटी.

आता महिन्याच्या एक तारखेला मी दोन्ही टेस्ट बटणं दाबते. दुसरं दाबलं की टीव्ही बंद पडतो. त्यामुळे आईने मला वेळ ठरवून दिली आहे, मालिका संपल्यानंतरची.