ऑरोव्हिलचं घर नावावर झालं का?

नाशिकला गेले की लग्नाच्या पंगतीत कुणीतरी हमखास विचारतं, "इतकी वर्षं ऑरोव्हिलला राहताय, घर तरी नावावर झालं का?" परवा तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते. ऑरोव्हिल म्हणजे पुद्दुचेरीजवळ, देशोदेशीच्या माणसांनी खाजगी मालकीशिवाय एकत्र राहावं या स्वप्नातून वसवलेलं गाव.

नाही झालं, आणि होणारही नाही. १९८८ सालच्या संसदेच्या कायद्यापासून इथली मालमत्ता ऑरोव्हिल फाउंडेशनकडे आहे. घर उभारताना पैसे आम्ही घातले, तरी आम्ही त्याचे राखणदार. ते विकता येत नाही, लेकीच्या नावे करता येत नाही. सासूबाईंना हे शेवटपर्यंत पटलं नाही. ज्यांनी वीस वर्षं हप्ते फेडून दोन खोल्या मिळवल्या, त्यांना ते पटावं कसं? म्हातारपणी आमचं कसं होईल ही त्यांना वाटायची ती काळजी मलाही वाटते. कामाबद्दल महिन्याला मिळणाऱ्या मेंटेनन्समधून शिल्लक फारशी पडत नाही. ज्याच्या मागे घरचं थोडंफार आहे त्याला इथे राहणं सोपं जातं, हे मी नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगते.

पण खरा कस लागतो तो माणसांशी. आमच्या वस्तीत पाण्याची टाकी सामाईक आहे. एका उन्हाळ्यात पाणी कमी पडलं. शेजारच्या फ्रेंच आजोबांना सकाळी रोपांना पाणी हवं, तमिळ शेजारणीला त्याच वेळी मुलांच्या आंघोळीला. मतदान घेतलं असतं तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. इथे सगळ्यांचं एकमत व्हावं लागतं. आम्ही तीन संध्याकाळी अंगणात बसलो, आवाज चढले, एक जण उठून गेला. शेवटी आजोबांनीच आंघोळीचं पाणी रोपांकडे वळवणारी नळी टाकली. सोसायटीत सेक्रेटरीला नावं ठेवून दार लावून घेता येतं. इथे ज्याच्याशी भांडलात तो दुपारी सोलर किचनमध्ये, म्हणजे आमच्या सामाईक भोजनगृहात, ताट घेऊन समोर येऊन बसतो.

सगळेच वाद असे मिटत नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये ऑरोव्हिलच्या शहर-आराखड्यातल्या क्राउन रोड या वर्तुळाकार रस्त्यासाठी झाडं तोडली गेली आणि गावात दोन तट पडले. आराखड्याप्रमाणे शहर व्हावं असं म्हणणारे आणि आधी जंगल जपा म्हणणारे, दोघेही याच स्वप्नापायी इथे आलेले. मी जंगलवाल्यांच्या बाजूची. तरीही तेव्हा दुरावलेल्या मैत्रिणीची आठवण आली की जीव तुटतो.

मग राहते कशासाठी? १९६८ मध्ये हे गाव वसायला सुरुवात झाली तेव्हा इथे घळी पडलेला उघडा तांबडा माळ होता. पावसाळ्यात माती थेट समुद्रात वाहून जायची. पहिल्यांदा आलेल्यांनी बांध घातले, ऑस्ट्रेलियन बाभळी लावल्या, त्यांच्या सावलीत इथली मूळची झाडं वाढवली. त्यातले कितीतरी जण आज हयात नाहीत. आमच्या दारातली सावली त्यांची आहे. ऑक्टोबरात परतीचा पाऊस सुरू झाला की मी फावडं घेऊन बांधावर जाते. उंदरांनी पाडलेली भोकं बुजवायची, वर ओली माती चोपायची. रात्रभर पडलेलं पाणी बांधाआड तुंबून राहतं आणि दोन दिवसांत जमिनीत मुरतं. हे माझ्या आवडीचं काम. ३० डिसेंबर २०११ ला थाने चक्रीवादळाने त्या जुन्या बाभळी शेकड्यांनी आडव्या केल्या. रस्ते मोकळे करायला करवती घेऊन निघालेल्यांत एकमेकांशी अबोला धरलेले लोकही होते. त्या दिवसांत मला इथून हलावंसं कधीच वाटलं नाही.

तुमचा मुलगा यायचं म्हणतोय ना, त्याला जानेवारीत पाठवू नका. तेव्हा हवा छान असते, पाहुण्यांची गर्दी असते आणि सगळं गोडच दिसतं. मे महिन्यात येऊ दे. निदान दोन महिने कुठल्यातरी शेतावर राबू दे, एखाद्या बैठकीला शेवटपर्यंत बसू दे. घराचं नंतर बघू.